कोल्हापूर: ट्रान्सपोर्ट लायसनच्या मेडिकलसाठी (फॉर्म १ए) योग्य डॉक्टर कसा शोधायचा?

शिरोली_वाहतूक

नमस्कार मंडळी. ऊस हंगाम तोंडावर आहे आणि आमच्याकडच्या काही ड्रायव्हरांची हेवी लायसन रिन्यूअलला आली आहेत. वयं साधारण पस्तीस ते पंचावन्न. दोघांना शुगर आहे, एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, एकाला चष्मा सांगितलाय पण तो लावत नाही.

फॉर्म १ए वर नक्की कुठल्या डॉक्टरची सही चालते? कुठलाही एमबीबीएस चालतो की आरटीओनं ठरवलेलाच लागतो? गावातल्या बीएएमएस डॉक्टरांचा दाखला चालेल का? आणि डॉक्टरांनी खरं तर काय काय तपासायला हवं? एजंटांचे नंबर नकोत. पद्धत कळली तर बरं होईल.

मोटरस्कूल_राजारामपुरी

आधी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ८(३) प्रमाणे ट्रान्सपोर्ट गाडीच्या लायसनसाठी वैद्यकीय दाखला लागतो, आणि तो राज्य शासनानं किंवा शासनानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं नेमलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचाच लागतो. रिन्यूअललाही तोच नियम, कलम १५ मध्ये आहे. दाखल्याचा नमुना म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला फॉर्म १ए. फॉर्म १ वेगळा: त्यात ड्रायव्हर स्वतःच्या तब्येतीबद्दल स्वतः लिहून देतो. बरेच जण दोन्हींची गल्लत करतात आणि खिडकीवरून परत येतात.

तेव्हा "कुठलाही एमबीबीएस" हे अर्धंच उत्तर झालं. डॉक्टर एमबीबीएस हवा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची त्याची नोंदणी चालू हवी आणि परिवहन खात्याकडे त्याचं नाव हवं. आता फॉर्म १ए डॉक्टर 'सारथी' या लायसनच्या सरकारी पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून भरतात. म्हणून दवाखान्यात फोन करून पहिला प्रश्न हाच विचारा: "डॉक्टरांकडे सारथीचं लॉगिन आहे का?" नसेल तर डॉक्टर कितीही मोठे असोत, या कामाला उपयोग नाही. बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टरांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते, या दाखल्यासाठी त्यांच्याकडे जाऊ नका.

नावं कुठं मिळतील? ताराबाई पार्कातल्या आरटीओ कार्यालयात लायसन विभागात थेट विचारा. इचलकरंजीकडच्या लोकांनी तिथल्या उपप्रादेशिक कार्यालयात विचारावं. बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्यांना विचारू नका. नाव मिळालं की कौन्सिलच्या वेबसाइटवर नोंदणी क्रमांक टाकून बघा. नाव जुळतंय का, नोंदणीची मुदत संपली नाही ना, एवढं दोन मिनिटांत कळतं. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि काहींची राहून जाते.

जनरल_प्रॅक्टिस

वरच्या प्रतिसादाला जोडून डॉक्टरच्या बाजूनं लिहितो.

फॉर्म १ए मध्ये डॉक्टर जे प्रमाणित करतो ते वाचलं तर तपासणी कशी व्हायला हवी ते आपोआप कळतं. नजरेत दोष आहे का, असेल तर चष्म्यानं तो भरून निघतो का. रंग ओळखता येतात का. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का. हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का. रातांधळेपणा आहे का. हातापायात असा काही दोष आहे का की गाडी चालवण्यात अडथळा येईल. रक्तगट ऐच्छिक आहे, पण लिहून घ्याच. अपघातात कामी येतो.

खाली डॉक्टर लिहून देतो की मी अर्जदाराला स्वतः तपासलं, आणि लांबची नजर, ऐकणं, हात-पाय-सांधे यांकडे विशेष लक्ष दिलं. "स्वतः तपासलं" हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. व्हिडिओ कॉलवर, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून किंवा ड्रायव्हर नागपूरला असताना मालकानं येऊन हा दाखला घेता येत नाही.

नीट तपासणीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. चांगला डॉक्टर ओळखायच्या खुणा सांगतो. भिंतीवर नजर तपासायचा तक्ता आहे आणि त्याच्यापासून सहा मीटरवर उभं राहायची खूण आहे; खोली लहान असेल तर आरसा लावून तीन मीटरची सोय केलेली असते. रंगांधळेपणा तपासायची इशिहारा पुस्तिका आहे. डॉक्टर दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून वाचायला लावतो. मुठी आवळायला, उकिडवं बसून उठायला, मान दोन्हीकडे वळवायला सांगतो. हेवी गाडीवाल्यांच्या मानेत आणि गुडघ्यांत दोष निघतो, आणि रिव्हर्स घेताना तोच आडवा येतो. आणखी एक खूण: डॉक्टर दाखल्याची नोंद रजिस्टरमध्ये करतो, अंगावरची ओळखखूण लिहितो आणि प्रत स्वतःकडे ठेवतो. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनं हे प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे. खोटा दाखला दिल्यास नोंदणीवरून नाव काढलं जाऊ शकतं, हेही त्याच संहितेत आहे.

सही करून ठेवलेले कोरे फॉर्म टेबलावर दिसले, तर तिथून बाहेर पडा.

गांधीनगर_टेम्पो

एवढं सगळं कोण करतंय ओ? एजंटाकडं कागद दिले की संध्याकाळी मेडिकल अपलोड होतंय. शिवाय आमच्या गाड्या छोटा हत्ती आणि पिकअप. सुप्रीम कोर्टानं सांगितलंय ना, साध्या एलएमव्ही (हलकी मोटार) लायसनवर चालतंय म्हणून? मग आम्हाला मेडिकल कशाला?

मोटरस्कूल_राजारामपुरी

दादा, निकालाबद्दल तुमचं बरोबर आहे. ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानं २०१७ चा मुकुंद देवांगण निकाल कायम ठेवला. एलएमव्ही लायसनवाला एकूण वजन ७५०० किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवू शकतो. पिकअप आणि छोटा हत्ती त्यात आरामात बसतात. घातक माल वाहणाऱ्या गाड्यांना मात्र ही सवलत नाही.

पण "मेडिकल कशाला" याचं उत्तर वेगळं आहे. वय चाळीस पूर्ण झालं की साध्या लायसनच्या रिन्यूअललाही फॉर्म १ए लागतोच, कलम १५ मध्येच तसं आहे. चाळिशीच्या आत आणि फक्त एलएमव्ही असेल तर फॉर्म १ चं स्वयंघोषणापत्र पुरतं. ट्रक, टँकर, बस, ऊस वाहणारा दहाचाकी, यांना हेवीच लागतं आणि त्याला वय कितीही असो, मेडिकल आहेच.

शाहूपुरी_वकिली

एजंटाच्या "संध्याकाळी अपलोड" बद्दल मालकांनी हे ध्यानात ठेवावं. न तपासता घेतलेला दाखला म्हणजे बनावट कागद, आणि त्यावर लायसन मिळालं तरी तो दोष पुसला जात नाही. अपघात झाला, चौकशीत ड्रायव्हरला २५ मीटरवरचं दिसत नव्हतं असं निघालं, तर दाखला देणारा, घेणारा आणि करून देणारा तिघेही अडकतात. विमा कंपनी पहिला प्रश्न लायसनचाच काढते.

दंडही बघा. शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य असताना गाडी चालवली तर कलम १८६ खाली पहिल्यांदा एक हजार, पुन्हा केलं तर दोन हजार. विनालायसन चालवलं तर कलम १८१ खाली पाच हजार, आणि अशा माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून मालकाला कलम १८० खाली वेगळे पाच हजार. दंडाची रक्कम फार मोठी वाटणार नाही. अपघात दाव्याची रक्कम मात्र धंदा बसवू शकते.

चष्मा_आणि_नजर

ऑप्टोमेट्रीत काम करते म्हणून डोळ्यांबद्दल सविस्तर लिहिते. या मेडिकलमध्ये अडकणारे बहुतेक जण डोळ्यांवरच अडकतात आणि ते आधी टाळता येतं.

फॉर्म १ए च्या डॉक्टरकडे जायच्या आधी डोळे तपासून घ्या, उलट क्रमानं नको. सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) सकाळी केसपेपर काढून नेत्रविभागात दाखवता येतं. नाहीतर जवळचा नेत्रतज्ज्ञ. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवरच्या नंबरावर थांबू नका. ते मशीन नंबराचा अंदाज देतं. पडद्याचा आजार, काचबिंदू किंवा मोतीबिंदू ते सांगत नाही.

२५ मीटरची चाचणी घरी किंवा यार्डात करता येते. टेपनं मोजून २५ मीटर घ्या, पावलं मोजू नका. समोर कार उभी करा, मोटारसायकल नको. कारच्या प्लेटवरची अक्षरं ६५ मिलिमीटर उंच असतात, दुचाकीच्या मागच्या प्लेटवरची ३५ ते ४०, त्यामुळे दुचाकीवर केलेली चाचणी विनाकारण नापास करते. वेळ सकाळी दहाच्या आसपास, सूर्य ड्रायव्हरच्या पाठीशी. नंबर पाठ असलेली गाडी नको. एक डोळा तळव्यानं झाकायचा पण दाबायचा नाही; दाबला की उघडल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं आणि दुसऱ्या डोळ्याची चाचणी बिघडते. चष्मा असेल तर लावूनच वाचायचं. चष्म्यानं नजर भरून निघत असेल तर ड्रायव्हर पास आहे, फक्त गाडी चालवताना चष्मा नाकावर हवा. शिरोली_वाहतूक, तुमच्या त्या चष्मा न लावणाऱ्या ड्रायव्हरला हे नीट सांगा. चष्मा लावला म्हणून लायसन जात नाही.

बाहुली मोठी करायचे थेंब टाकून तपासणी झाली तर पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी फॉर्म १ए ची तपासणी ठेवू नका आणि गाडी चालवू नका. सोबत माणूस आणा.

मोतीबिंदू झालेल्यांसाठी: ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबर स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी केलेला चष्मा बदलावा लागतो. सर्जननं नंबर पक्का करून दिला की मगच मेडिकलला जा, आणि ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.

रंगांबद्दल फार गैरसमज आहे. २४ जून २०२० च्या अधिसूचनेनंतर सौम्य ते मध्यम रंगांधळेपणाला लायसन मिळू शकतं. अडचण तीव्र रंगांधळेपणाची. म्हणून इशिहाराच्या दोन-चार प्लेट चुकल्या की लगेच "अनफिट" होत नाही, नेत्रतज्ज्ञाकडून तीव्रता ठरवून घ्यायची असते. ही चाचणी मोबाईलवर करून घाबरू नका. स्क्रीनचे रंग बदलतात. छापील पुस्तिका, दिवसाचा उजेड आणि हातभर अंतर, साधारण ७५ सेंटिमीटर, हे तिन्ही हवं.

चष्मा घेतानाही विचार करा. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा केबिनमध्ये नीट काळ्या होत नाहीत, कारण समोरची काच अतिनील किरणं अडवते. रात्रीसाठी विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका, ते उजेडच कमी करतात. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगचा मात्र खरा फायदा होतो. बायफोकल असेल तर केबिनमधून उतरताना पायरी खालच्या भागातून दिसते आणि जवळ-लांबचा अंदाज चुकतो. मान खाली घालून वरच्या काचेतून पाहायची सवय लावा. जास्तीचा चष्मा गाडीत ठेवाच.

गगनबावडा_लाईन

ताईंनी चांगलं लिहिलंय. रातांधळेपणाचा रकाना सगळे न विचारता "नाही" भरतात. करूळ आणि भुईबावडा घाटात पावसाळ्यात धुकं असतं, समोरच्या गाडीचा अप्पर लाईट डोळ्यावर आला की पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. ज्याला हा आंधळेपणा नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकतो त्यानं लपवू नये. डॉक्टरांनी यासाठी काय विचारायला हवं?

जनरल_प्रॅक्टिस

चांगला मुद्दा. साध्या दवाखान्यात रातांधळेपणा मोजायचं यंत्र नसतं, त्यामुळे सगळी भिस्त प्रश्नांवर असते. संध्याकाळी घरात शिरताना अडखळता का? सिनेमागृहात खुर्ची शोधायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो का? बाजूनं येणारा माणूस उशिरा दिसतो का? उत्तर "हो" असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचं. कारणं बरीच असतात: मोतीबिंदू, जीवनसत्त्व अ ची कमतरता, पडद्याचा आनुवंशिक आजार, शुगरसाठी पडद्याला दिलेलं लेझर. पहिली दोन बरी होण्यासारखी आहेत, म्हणून लपवण्यात काहीच फायदा नाही.

आता शुगर आणि बीपी. फॉर्म १ए मध्ये या दोन्हींचा वेगळा रकाना नाही. पण ड्रायव्हरच्या फॉर्म १ मध्ये फिट, अचानक शुद्ध हरपणं, चक्कर आणि इतरांना धोका होईल असा कोणताही आजार याबद्दल सरळ विचारलंय. म्हणून जबाबदार डॉक्टर हे तपासतोच.

शुगरवाल्यांनी उपाशी आणि जेवणानंतरची शुगर आणि एचबीए१सी असे ताजे रिपोर्ट न्यावेत. एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांचं चित्र दाखवतं, त्यामुळे आदल्या दिवशी उपास करून काही बदलत नाही. शुगर खूप वाढलेली असताना काढलेला चष्म्याचा नंबर चुकीचा येतो, कारण डोळ्यातलं भिंगच फुगतं. आधी शुगर काही आठवडे आटोक्यात आणा, मग नंबर काढा. पैसे वाचतील.

गाडीवर खरा धोका शुगर उतरण्याचा असतो, विशेषतः इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या असतील आणि जेवण चुकलं तर. घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी आली की गाडी बाजूला घेऊन किल्ली काढायची. तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर तपासायची. ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच. शुगर वर आल्यावर काहीतरी पोटभर खायचं, आणि पूर्ण बरं वाटल्याशिवाय स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही. केबिनमध्ये ग्लुकोजचा डबा आणि ग्लुकोमीटर हवाच.

बीपी मोजताना लोक स्वतःच घोळ करतात. जिना चढून आले, तोंडात मावा, लघवी दाबून धरलेली, आणि लगेच हात पुढे. आकडा वर जाणारच. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी बंद. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसायचं, हात छातीच्या उंचीला. १४०/९० च्या वर येत राहिलं तर उपचार सुरू करायचे. बीपी आहे म्हणून डॉक्टर नाकारेल या भीतीनं गोळी बंद करून येणारे असतात. तसं कधीही करू नका.

मोठ्यानं घोरणं आणि दिवसा डुलकी लागणं असेल तर तेही सांगा, झोपेत श्वास अडकण्याचा आजार तपासता येतो. आणि सर्दी-खोकल्याचं औषध घेताना "यानं झोप येते का" हे मेडिकलवाल्याला विचारूनच रात्रीची गाडी काढा.

कागल_एमआयडीसी

इथं एक गल्लत होते ती सांगतो. कंपनीत मालाच्या गाड्या आत घेताना ड्रायव्हरचं कंपनी मेडिकल मागतात. ते कारखान्याच्या डॉक्टरचं असतं, बऱ्याचदा एएफआयएच म्हणजे औद्योगिक आरोग्याचा कोर्स केलेल्या डॉक्टरचं. तपासणी चांगली होते, रक्त-लघवी, ऐकण्याची चाचणी सगळं. पण तो कागद आरटीओत फॉर्म १ए म्हणून चालत नाही आणि फॉर्म १ए कंपनीच्या गेटवर पुरत नाही. दोन्ही वेगवेगळे ठेवा. कंपनीचे रिपोर्ट मात्र फॉर्म १ए च्या डॉक्टरला जरूर दाखवा.

परदेशी_पाहुणा

थोडं विषयांतर. अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या नातेवाइकानं सुट्टीत कोल्हापुरात येऊन इथल्या डॉक्टरकडून तिथलं मेडिकल केलं तर चालेल का?

जनरल_प्रॅक्टिस

नाही. २१ मे २०१४ पासून तिथं फक्त 'नॅशनल रजिस्ट्री'त नाव असलेल्या तपासनिसाचाच दाखला चालतो. नाव त्यांच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून शोधता येतं. दाखला जास्तीत जास्त २४ महिन्यांचा. बीपी किंवा शुगर असेल तर त्याहून कमी. इथून शुगरचे, डोळ्यांचे, हृदयाचे रिपोर्ट नेता येतील, तपासणी तिकडेच.

शिरोली_वाहतूक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. ऑनलाइन अर्ज आधी की डॉक्टर आधी? आणि डॉक्टरांनी "अनफिट" लिहिलं तर ड्रायव्हरचं काय?

मोटरस्कूल_राजारामपुरी

अर्ज आधी. सारथीवर महाराष्ट्र निवडून लायसन नूतनीकरणाचा अर्ज भरा, अर्ज क्रमांक घ्या, मग डॉक्टरकडे जा. तिथं अर्ज क्रमांक, जन्मतारीख, मूळ लायसन, आधार, फोटो आणि चष्मा लागेल. दवाखान्यातून निघायच्या आधी तिथेच मोबाईलवर अर्जाची स्थिती उघडून मेडिकल दिसतंय का बघा. अर्ज क्रमांकाचा एक आकडा चुकला की दाखला दुसऱ्याच्या नावावर जातो आणि मग चार फेऱ्या होतात. छापील फॉर्म मागितला तर फोटोवर डॉक्टरची सही अर्धी फोटोवर आणि अर्धी कागदावर हवी, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा, ड्रायव्हरची सही किंवा अंगठा हवा.

जास्तीत जास्त अडकतं ते नावात. लायसनवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं अक्षर. किंवा आधारला जोडलेला मोबाईल बंद, त्यामुळे ओटीपी येत नाही. हे आधी दुरुस्त करा. जुनी हाताने लिहिलेली पुस्तिका असेल तर सारथीवर तिची नोंद आहे का ते सगळ्यात आधी तपासा. नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही.

शाहूपुरी_वकिली

अनफिटबद्दल. फॉर्म १ए मध्ये अयोग्य ठरवल्याचं कारण लिहावं लागतं, ते स्पष्ट लिहून घ्या. मोतीबिंदू, चष्मा, न आटोक्यातली शुगर अशी कारणं असतील तर उपचार करून पुन्हा तपासणी करता येते. दुसरा डॉक्टर गाठून आधीचं लपवू नका. आरटीओनं रिन्यूअल नाकारण्याचा लेखी आदेश दिला तर कलम १७ प्रमाणे तो हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. मधल्या काळात त्या माणसाला यार्ड, लोडिंग, डिस्पॅचवर घ्या. पगार चालू राहिला की आजार लपवायचं कारण उरत नाही.

मोटरस्कूल_राजारामपुरी

मुदतीचंही बघून ठेवा. ट्रान्सपोर्ट लायसन आता पाच वर्षांचं, घातक मालाच्या शेऱ्याचं तीन वर्षांचं. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन चालायचं, २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून गाडीवर बसवू नका. रिन्यूअलचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. तुमच्याकडच्यांपैकी मोतीबिंदूवाला आणि शुगरवाले यांना आत्ताच डोळ्यांच्या तपासणीला पाठवा, बाकीचे नंतर गेले तरी चालेल. कारखान्यांची धुराडी पेटली की ड्रायव्हरला सुट्टी मिळणार नाही आणि डॉक्टरकडेही गर्दी होईल.

शिरोली_वाहतूक

समजलं. उद्या सगळ्यांची आधार आणि लायसनवरची नावं जुळवून बघतो, यार्डात २५ मीटरवर चुन्याची रेघ मारतो. मोतीबिंदूवाल्याचं डिस्चार्ज कार्ड मागवलंय. डॉक्टरांची नावं आरटीओतून घेऊन कौन्सिलच्या साइटवर तपासली की इथं पुन्हा लिहितो.